पुणे ते पणजी सायकलने, सहा मित्र: मागे गाडी हवी की नको?

पायडल
जानेवारीत आम्ही सहा मित्र समुद्राकाठच्या रस्त्याने सायकलवर पणजीला निघतोय. ताम्हिणी उतरून पहिला मुक्काम माणगाव. मग हरिहरेश्वर, आणि बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या तीन फेरीबोटी. पुढे रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला, रेडी. एकूण सहाशेच्या आसपास किलोमीटर, सात दिवस. नाताळची गर्दी टाळायची म्हणून डिसेंबर सोडला. रजाही टाकल्या. वाद उरलाय तो एकच: मागे मदतीला गाडी न्यायची का?

माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नये. गाडी असली की आखणी कुणी मनावर घेत नाही. सराव राहिला तरी चालतं, सामान वाढतं, ट्यूब बदलायला शिकायची गरज वाटत नाही, कारण दमलं की बसायला गाडी आहेच. गाडी नसेल तर सहांतला सगळ्यात हळू चालवणारा धरूनच प्रत्येक दिवस आखावा लागतो. मित्रांनी मिळून जायचं तर तेच करायला हवं. बीआरएममध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल राइडमध्ये, 200 किलोमीटरला साडेतेरा तास आणि 300 ला वीस तास मिळतात, वाटेत स्वतःच्या गाडीची मदत चालत नाही, घ्यायची ती कंट्रोलवरच, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी. नोकऱ्या सांभाळणारी साधी माणसं ते पूर्ण करतात. आम्हाला तर दिवसाला शंभरच्या आतबाहेर जायचंय.

घाटवाट
बीआरएमचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे प्रत्येक जण आपल्या नावाने उतरतो. नाही जमलं तर आयोजकांना कळवतो, एसटी पकडून घरी जातो, कुणाचं काही अडत नाही. मित्रांत असं होत नाही. ज्याला त्रास होतोय तो गप्प बसतो, कारण आपल्यामुळे पाच जण अडकतील ही भीती असते. गाडी असली तर तो मोकळेपणाने सांगेल की पुढचे तीस किलोमीटर मी बसून येतो. म्हणजे हळू चालवणाऱ्याचा विचार गाडीमुळेच जास्त होतो.

दुसरं म्हणजे ऊन. रत्नागिरी-पावस-आडिवरे-जैतापूर हा पट्टा बघा. खाडीतून वर चढलात की जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, सावली जवळपास नाही. जानेवारीतही दुपारी तिथे अंग भाजतं. घामातून मीठ जातं आणि लोक नुसतं पाणी पीत राहतात, त्याने रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा मित्राला घेऊन रस्त्याकडेला किती वेळ बसणार?

खाडीपलीकडचा
मी गुहागरकडचा, म्हणून लिहितो. आमच्या रस्त्यांवर सायकलींच्या मागे पंधराच्या वेगाने गाडी चालली की मागचे सगळे अडतात आणि आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतात. तुम्हाला वाचवायला आणलेली गाडीच अपघात घडवेल. न्यायचीच तर तिने वीस-पंचवीस किलोमीटर पुढे जाऊन थांबावं.

पण आमच्याकडे माणसं आहेत हो! प्रत्येक गावात एखादा छोटा टेम्पो किंवा सहा आसनी मिळते, आणि ज्या घरी उतराल तिथला मालक एका फोनवर ती पाठवतो. 108 ची रुग्णवाहिकाही आहे. खरं जपायचं ते फेरीचं वेळापत्रक. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा पडतो. आणि बोटीतून उतरल्यावर चढ लागतो. बोटीत पाय थंड होतात, तेव्हा पहिला किलोमीटर हलक्या गिअरवर काढा.

सरळरेषा
मुळात किनाऱ्याने कशाला? महामार्गाने कोल्हापूर, निपाणी, आंबोली असं गेलात तर साडेचारशेच्या आसपास होतं. तीन दिवस पुरेत, गाडीचा प्रश्नच नाही.

पायडल
अंतर कमी आहे, मान्य. पण दिवसभर ट्रकच्या शेजारून चालवायला मी मित्रांना नेणार नाही.

सांगाती
घाटवाट यांच्याशी सहमत. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. तिथे क्रू, म्हणजे मदतीची माणसं, आणि गाड्यांशिवाय कुणी उतरतच नाही. म्हणून त्यांचा पराक्रम उणा ठरतो का? मदत घेणं म्हणजे कमी पडणं, ही समजूतच मला घातक वाटते. तिच्यापायी माणसं दुखरा गुडघा घेऊन चालवत राहतात.

पायडल
त्यांचा क्रू महिनोन्‌महिने तयारी केलेला असतो. कुणी काय खायचं, कधी झोपायचं, गाडी किती अंतरावर ठेवायची हे प्रत्येकाला पाठ असतं. आमच्याकडे गाडी कोण चालवणार? आतापर्यंत दोन नावं पुढे आली, एक मित्राचा धाकटा भाऊ आणि दुसरी एकाची बायको. त्यांना सात दिवस जेटीवर आणि टपऱ्यांवर आमची वाट बघत बसवायचं? मला ते पटत नाही. भाड्याचा चालक घेतला तर त्याला आमच्या तब्येतीतलं काय कळणार?

उन्हाचा मुद्दा मात्र पूर्ण पटला. त्यामुळे पहाटे साडेपाचला दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेटसह निघायचं, अकरा ते साडेतीन सावलीत, प्रत्येकाकडे ओआरएस. सगळ्यात हळू असलेला पुढे राहील, वेग तोच ठरवेल. मुक्कामाच्या प्रत्येक घराकडून टेम्पोवाल्याचा नंबर आधीच घेणार. आणि डिसेंबरात मुळशीच्या रस्त्यावर भरल्या पॅनिअरसह (सायकलला लावायच्या पिशव्या) लागोपाठ दोन दिवस चालवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला खोगिरावर बसवत नाही, त्याच्यासाठी टप्पे छोटे करू.

घाटवाट
हे आधीपेक्षा बरंच चांगलं आहे. पण हळू असलेला पुढे ठेवला तरी तो ‘थांबूया’ म्हणेलच असं नाही. ते म्हणण्याचं काम रोज एकाकडे सोपवा, आणि तो म्हणाला की चर्चा नाही. रत्नागिरी ते देवगड हा तुमचा सगळ्यात उन्हाचा आणि लांब दिवस आहे. त्या एका दिवसापुरती तरी रत्नागिरीतून गाडी ठरवा, पुढच्या गावात जाऊन थांबणारी.

खाडीपलीकडचा
किंवा त्या दिवसाचे दोन करा. जैतापूरला राहा, सकाळी उरलेलं अंतर उन्हाआधी संपेल.

पायडल
आठवा दिवस म्हणजे आणखी एक रजा. दोघांना मिळणार नाही. आज रात्री सगळ्यांशी बोलतो, गाडी की रजा ते ठरवून इथे लिहीन.