नव्या चेंडूने वाढलेले वीस यार्ड खरेच चेंडूचे आहेत का?

उशिरा सुरुवात:
नमस्कार. पन्नाशीत गोल्फ सुरू करून मला दोन वर्षे झाली. हँडिकॅप (कमी असेल तितका खेळ चांगला) २४ आहे, ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा, वेग सिम्युलेटरवर ताशी ८५ मैलांच्या आसपास भरतो. आजवर मी आयनोमर या टणक प्लास्टिकच्या कवचाचे, दोन थरांचे स्वस्त चेंडू वापरत होतो. दिवाळीत भाच्याने अमेरिकेहून युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या कवचाचे, तीन थरांचे डझनभर चेंडू आणून दिले. ऑगस्टमध्ये चेंबूरला जुन्या चेंडूने माझा ड्राइव्ह १८५ यार्डांच्या पुढे सरकत नव्हता. डिसेंबरमध्ये पुण्यात नव्या चेंडूने तो २०५ यार्डांवर गेला. मात्र उजवीकडे वळणारा स्लाइस थोडा वाढल्यासारखा वाटतो. हे चेंडू संपल्यावर जवळजवळ तिप्पट पैसे मोजून तेच घ्यावेत का, आणि स्लाइसचा दोष चेंडूला द्यावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त यंत्रज्ञ:
आपण एकाच वेळी चेंडू, गाव आणि ऋतू अशा तीन गोष्टी बदलल्या आहेत, त्यामुळे या वीस यार्डांचे श्रेय चेंडूला देण्यापूर्वी थोडा हिशेब करावा लागेल. ऑगस्टमध्ये फेअरवे, म्हणजे होलकडे नेणारी कापलेल्या गवताची पट्टी, इतका भिजलेला असतो की चेंडू पडतो तिथेच रुततो, आणि डिसेंबरच्या कोरड्या जमिनीवर तोच सहज दहा-पंधरा यार्ड घरंगळतो. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्याने दोनशे यार्डांच्या फटक्याला चार-पाच यार्ड आयते मिळतात. (सकाळच्या गारठ्याने त्यातले थोडे परत घेतले असेल, कारण थंड चेंडू कमी उसळतो.) एवढी वजाबाकी केल्यावर चेंडूच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

याचे कारण नियमांतही आहे. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, एवढेच नव्हे तर ठरलेल्या चाचणीत तो किती वेगाने सुटतो आणि किती लांब जातो यांवरही मर्यादा आहे. नावाजलेले सगळे उत्पादक त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले असल्यामुळे ड्रायव्हरच्या अंतरात चमत्कार करणारा चेंडू नियमात बसणारच नाही. ‘हळू मारणाऱ्याने मऊ चेंडू घ्यावा म्हणजे तो लांब जातो’ हा सल्लाही मला पटत नाही. मऊ गाभ्याचा चेंडू ड्रायव्हरवर कमी फिरतो हे खरे, परंतु तो सुटतोही किंचित हळू.

चेंडूंमधला खरा फरक वेजवर, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या काठीवर, दिसतो. ड्रायव्हरचा घाव जवळजवळ समोरून बसतो. सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात चेंडू चेपून पुन्हा फुलतो आणि त्यात मुख्य काम गाभ्याचे असते. वेजचा घाव तिरका असतो, म्हणून तिथे कवचाला महत्त्व येते. युरेथेनचे मऊ कवच आतला कठीण थर आणि वेजच्या खाचा यांच्यात चिमटले जाऊन खाचांना धरते, तर आयनोमरचे टणक कवच पात्यावरून घसरते. परिणामी चेंडू जास्त उंच निघतो, पण कमी फिरकी घेऊन. निष्णात व्यावसायिकांचा चेंडू ड्रायव्हरवरून मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे घेतो आणि पिचिंग वेजवरून नऊ हजारांच्या वर. आपले आकडे कमी असतील, पण कवचाचा फरक आपल्यालाही जाणवेल.

स्लाइसबद्दल स्पष्टच सांगतो. चेंडू उजवीकडे वळतो तो त्याच्या फिरण्याचा अक्ष कलल्यामुळे, आणि अक्ष कलतो तो घावाच्या वेळी ड्रायव्हरचे तोंड फटक्याच्या दिशेच्या मानाने उघडे राहिल्यामुळे. जास्त फिरणारा चेंडू ते वळण थोडे वाढवील, पण त्याचे मूळ आपल्या मनगटांत आहे.

चेंबूरचा वारा:
वरील विवेचन मान्य आहे, पण वाऱ्याचा मुद्दा राहिला. पावसाळ्यात समोरून वारा असताना जास्त फिरकीचा चेंडू पतंगासारखा वर चढतो आणि जवळच येऊन पडतो. अशा दिवशी कमी फिरणारा चेंडू अंतर राखतो. उलट्या फिरकीने चेंडू हवेत तोलला जातो, हे एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात दाखवले होते. त्यांनी चेंडूला न पिळलेली लांब फीत बांधली, वार-दोन वारांवरच्या घट्ट चिकणमातीत तो मारायला लावला आणि फितीला पडलेला पीळ पाहिला. सिम्युलेटरच्या आकड्यांपेक्षा ही फीत मला जास्त आवडते.

दुसरे, तळ्यातून काढून पुन्हा रंगवलेले चेंडू घेऊ नयेत. एका विक्रेत्याकडून मी असे दोन डझन घेतले होते. उन्हात धरून पाहिले तेव्हा रंगाच्या थराने खळगे अर्धे बुजलेले दिसले. हे खळगे शोभेसाठी नसतात. ते चेंडूला लगटलेल्या हवेत खळबळ माजवतात, त्यामुळे ती हवा चेंडूला अधिक मागेपर्यंत धरून राहते आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते. अगदी गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मे अंतर जातो. माझे ते चेंडू हवेत मध्येच दम सोडत.

उशिरा सुरुवात:
दोघांचेही आभार. काल संध्याकाळी दोन्ही प्रकारचे पाच-पाच चेंडू घेऊन ६० यार्डांवरून एकाच वेजने मारले, आणि प्रत्येक चेंडू जिथे टेकला तिथून थांबेपर्यंतचे अंतर कॅडीने पावलांनी मोजले. जुने सरासरी नऊ पावले पुढे गेले, नवे चार. ड्रायव्हरवर मात्र दोन्हींची सरमिसळ झाली. खुणा पाहिल्याशिवाय कोणता कोणता ते सांगता येईना. अडचण एवढीच की एका फेरीत माझे तीन-चार चेंडू हरवतात.

निवृत्त यंत्रज्ञ:
मग सर्वांत महागडाच घेण्याचे कारण नाही. युरेथेन कवचाचे तीन थरांचे चेंडू कमी किमतीतही मिळतात, आणि नामांकित कंपन्या नवे मॉडेल आणतात तेव्हा मागचे स्वस्त होते. आपल्याला पाच पावलांचा फरक देणारी गोष्ट कवच आहे. मात्र जो घ्याल तोच सर्व होलांवर वापरा. स्पर्धा समितीने एकाच प्रकारच्या चेंडूचा स्थानिक नियम लावला नसेल तर नवीन होल सुरू करताना चेंडू बदलता येतो, आणि म्हणून अनेकजण पाणी ओलांडावे लागते त्या होलवर खिशातून जुना चेंडू काढतात. तो पाण्यापलीकडे पोहोचतो खरा, पण नंतर ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) चार पावलांत थांबेल या अंदाजाने मारलेला चेंडू नऊ पावले घरंगळत मागच्या वाळूच्या बंकरमध्ये जातो.