मदत हवी आहे: जांभळी नाक्यामागचा 'स्ट्रीट फायटर टू' नेमका कोणता होता?

धाकटी_पाती
नमस्कार मंडळी. प्रश्न तीस वर्षांपूर्वीचा आहे, पण उत्तर मला दिवाळीच्या आत हवंय.

१९९२-९३ च्या सुमारास ठाण्यात जांभळी नाक्यामागच्या एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक टोकन. आत चार मशिनं, आणि कोपऱ्यातल्या मशिनभोवती सगळी गर्दी. तिथे 'स्ट्रीट फायटर टू' लागलेला असायचा. दादा आणि मी नौपाड्यातून चालत जायचो. दादा आता पुण्याला असतो, दिवाळीला घरी येतोय. त्याच्यासाठी तोच खेळ टीव्हीला जोडून तयार ठेवायचा, असं मी ठरवलंय. म्हणून २०१८ साली निघालेलं 'थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन' घेतलं. त्यात बारा खेळ आहेत, नुसत्या 'टू'च्याच पाच आवृत्त्या. पाचही लावून पाहिल्या. आमचा खेळ त्यांत नाही.

मला आठवतं ते असं: रियू हा गडी उडी मारून हवेतूनच हाडुकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, टाकायचा. एकदम दोन-तीन गोळे सुटायचे आणि समोरचा हलला की त्याच्या मागे वळायचे. खेळता खेळता स्टार्टचं बटण दाबलं की गडीच बदलायचा, केनचा झँगीफ व्हायचा. दादाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "काहीतरीच काय! असलं काही नव्हतं." त्याला पक्कं आठवतंय की दोघांना एकच गडी घेता यायचा नाही. तो आधी रियू घ्यायचा, मग मला केनच. हे मलाही आठवतं, कारण त्यावरून मी आईकडे रडत गेलो होतो.

मग ही कोणती आवृत्ती, जिच्यात हे दोन्ही होतं? की माझीच आठवण खोटी आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

सहा_बटणं
गडी निवडायच्या पडद्यावर चेहरे किती होते ते आठवून पाहा. आठ असतील तर ती पहिली, १९९१ ची 'द वर्ल्ड वॉरियर'. तिच्यात चारही बॉस, म्हणजे शेवटी लढायचे गडी, फक्त मशिनकडे. १९९२ च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये ते चौघे आपल्यालाही मिळाले, म्हणून चेहरे बारा. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'हायपर फायटिंग'मध्येही बाराच, फक्त वेग वाढला, काही गड्यांना नवे डाव मिळाले. 'सुपर'मध्ये सोळा.

दोघांनी एकच गडी घेण्याची सोय 'चॅम्पियन'पासून झाली, त्यासाठी कपड्यांचा दुसरा रंग ठेवला. म्हणजे तुमच्या दादांची आठवण पहिल्या आवृत्तीचीच, यात मला शंका नाही. आणि त्या आवृत्तीत केन मिळाल्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथे रियू आणि केनचे डाव जवळपास एकच होते. दोघांची वाट वेगळी झाली ती 'चॅम्पियन'पासून.

हवेतल्या हाडुकेनचं मात्र कोडंच आहे. पाचांतल्या शेवटच्या 'सुपर टर्बो'त अकुमा हवेतून गोळा टाकतो, रियू नाही. आणि ती १९९४ ची.

शोधाशोध करताना एक सांभाळा. जपानी माहितीत शेवटच्या बॉसचं नाव वेगा आहे आणि बायसन म्हणजे मुष्टियोद्धा. तो माइक टायसनसारखा दिसतो म्हणून जपानबाहेर तिघांची नावं आपसात फिरवली. मी यात दोन दिवस घालवले आहेत.

ऐरोलीचा_गाईल
धाकटी_पाती, तुमची आठवण शंभर टक्के खरी आहे. तो 'रेनबो एडिशन'! मूळ खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा नव्हे. 'चॅम्पियन'च्या बोर्डवरच्या (मशिनच्या आतल्या, खेळ चालवणाऱ्या सर्किटवरच्या) चिप बदलून कुणीतरी केलेली चोरटी आवृत्ती. हवेतले गोळे, माग काढणारे गोळे, स्टार्ट दाबून गडी बदलणं, सगळं त्यातलंच. वाशीला मीही खेळलोय. असल्या नकला जगभर इतक्या पसरल्या की कॅपकॉमने 'हायपर फायटिंग'चा वेग वाढवला तो त्यांना उत्तर म्हणूनच. ती चोरटी असल्यामुळे तुमच्या कलेक्शनमध्ये सापडणार नाही.

धाकटी_पाती
वाचून खूप बरं वाटलं. पण पहिली आवृत्ती आणि रेनबो एकाच मशिनवर कशी? खोकं तेच होतं. डावीकडची काच तडकलेली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

ऐरोलीचा_गाईल
खोकं तेच राहतं, आतला बोर्ड बदलतो. पडदा, जॉयस्टिक, आवाज, सगळं एका ठरलेल्या जोडणीतून बोर्डला जातं, तिला जॅमा म्हणतात. या खेळाला लाथांच्या तीन बटणांची तेवढी वेगळी वायर लागते. ती एकदा ओढली की त्याच खोक्यात 'टू'ची पुढची आवृत्ती बसवायला वेळ लागत नाही.

खात्री करायची असेल तर दादांना न सुचवता विचारा, गाईलचं काही विचित्र आठवतं का? पहिल्या आवृत्तीत एक दोष होता. बटणांचा ठरावीक मेळ जमला की समोरचा गडी गाईलला बेड्या घातल्यासारखा चिकटून राहायचा आणि गाईल जाईल तिकडे फरपटत जायचा. 'चॅम्पियन'मध्ये तो दोष काढला.

धाकटी_पाती
आत्ताच दादाशी बोललो. फक्त "गाईल आठवतो का?" एवढंच विचारलं. तो लगेच म्हणाला, "एकदा माझा गडी त्याला चिकटला होता, सुटेचना. पार्लरवाल्या काकांनी मशीन बंद करून परत चालू केलं आणि टोकन बुडालं." मी सोबत होतो म्हणे. मला यातलं काहीच आठवत नाही.

मग रेनबोचं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ते माझ्या दहावीच्या वर्षी असेल. मी तेव्हा यायचो कुठे?" खरंच. जून ते मार्च दादा क्लासला आणि मी वर्गातल्या पोरांबरोबर पार्लरला. बोर्ड त्याच वर्षी बदलला असणार. त्याने रेनबो कधी पाहिलाच नाही, आणि तो सोबत नव्हता हे मी विसरून गेलो होतो.

सहा_बटणं, ऐरोलीचा_गाईल, मनापासून आभार. 'वर्ल्ड वॉरियर' लावून ठेवतो. रियू दादालाच.

आता सहा बटणांच्या दोन जॉयस्टिक हव्यात. घरीच लाकडी खोक्यात बसवीन म्हणतो. लॅमिंग्टन रोडला सुटी बटणं आणि दांडा अलीकडे कुणी घेतलाय का?