मदत हवी आहे: नॉम पेनमध्ये अर्धा दिवस, किलिंग फील्ड्सला जावं का?

भटकभवानी: लवकर सांगा, शुक्रवारी निघतोय. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचं सगळं बुक झालंय. शेवटच्या दिवशी राजधानी नॉम पेनला अर्धा दिवस मोकळा आहे. ख्मेर रूजने (पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीने) माणसं मारून पुरली ती किलिंग फील्ड्स आणि त्यांनी तुरुंग केलेली ती शाळा, दोन्ही होईल का? नवरा म्हणतो जायचंच. सासूबाई म्हणतात, फिरायला जाऊन हाडं कसली बघायची? मुलगी पण आहे. कृपया 'गूगल करा' म्हणू नका.

कोकणचा_काका: अर्धा दिवस म्हणजे सकाळ की दुपार? विमान कितीचं? मुलगी केवढी? एवढ्यावर काय डोंबल सांगणार!

पाटीपेन्सिल: होतं दोन्ही. आधी तुओल स्लेंग, म्हणजे ती शाळा, मग चोएंग एक, म्हणजे किलिंग फील्ड्स. कैद्यांनाही तसंच नेत. शाळा शहरातच आहे, चोएंग एक दक्षिणेला १५ किमीवर. टुकटुक दोन्हीकडची मिळून ठरवा, थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. गुडघे-खांदे झाकलेले हवेत. ऑडिओ गाइड घ्याच, नाहीतर चोएंग एकला गवत उगवलेले खड्डे आणि कवट्यांचा स्तूप, एवढंच बघून परत याल.

झणझणीत: तिकडे शाकाहाऱ्यांचे हाल होतात. भाजीत पण फिश सॉस. थेपले न्या.

भटकभवानी: जेवणाचं विचारलं नव्हतं हो. थेपले घेतलेत. विमान रात्री ९ चं, मुलगी ९ वर्षांची.

कोकणचा_काका: मग मुळीच नेऊ नका. शाळेच्या वर्गांत अजून लोखंडी खाटा आहेत. कैद्यांच्या फोटोंत तिच्याएवढी पोरं दिसतात. चोएंग एकला ते झाड आहे, ज्याच्यावर तान्ही मुलं आपटून मारली. लोक आता त्याला रंगीत धागे-कडी अडकवून जातात. हे तिला कसं समजावणार?

पाटीपेन्सिल: काका, मी माझ्या मुलाला नेलं होतं. नीट सांगितलं तर मुलांना कळतं.

कोकणचा_काका: केवढा होता?

पाटीपेन्सिल: १३.

कोकणचा_काका: झालं मग!

शब्दच्छल: अवांतर: 'जेनोसाइड' (वंशसंहार) सरसकट म्हणू नये. १९७५ ते ७९ मध्ये १५ ते २० लाख माणसं गेली, त्यात उपासमारीने आणि राबवून मारलेली कितीतरी, आणि बरीचशी ख्मेरच, म्हणजे मारणाऱ्यांच्याच वंशाची. ख्मेर रूज नेत्यांवरच्या खटल्याच्या २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध झाला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामींच्या बाबतीत. बाकीचे बहुतेक मानवतेविरुद्धचे गुन्हे.

झणझणीत: मेलेल्याला काय फरक पडतो?

शब्दच्छल: खटल्यात पडतो.

रानवाटा: अंगकोरजवळच्या सियाम रीपलाच वाट थमेई म्हणून विहार आहे, तिथे अस्थींचा छोटा स्तूप आहे. तेवढं पुरे. अंगकोर वाटच्या दुरुस्तीचं काम १९८६ ते ९३ मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याने केलंय, ते मुलीला आवर्जून सांगा.

पाटीपेन्सिल: विहार आणि तुओल स्लेंग एकच का? ताई, आजी-नातीला राजवाडा दाखवा, तुम्ही दोघं जा. फक्त राजवाडा मधे दुपारी बंद असतो.

भटकभवानी: हे पटलं. धन्यवाद.

भटकभवानी (दहा दिवसांनी): आलो परत. मुलीचं पोट बिघडलं, तेव्हा एवढा आग्रह धरणारा नवराच हॉटेलवर बसला आणि मी नि सासूबाई गेलो. शाळेच्या अंगणात १४ पांढरी थडगी आहेत, ख्मेर रूजवाल्यांनी पळून जाताना मारून टाकलेल्या शेवटच्या कैद्यांची. त्यांच्यावर चाफा पडला होता. चोएंग एकला रात्री पाऊस होऊन गेलेला. पायवाटेच्या मातीतून निळ्या कापडाची कड वर आली होती. मला आधी कचराच वाटला. सासूबाई थबकल्या, साडी आवरून बाजूने गेल्या. स्तूपापाशी चपला काढल्या, उदबत्ती लावली. परतीच्या टुकटुकमध्ये म्हणाल्या, चष्मा लावणारी माणसं पण मारली म्हणे, मास्तर समजून. माझे सासरे शाळामास्तर होते. पुढे विमानतळापर्यंत गप्पच होत्या.

झणझणीत: पोट बिघडलं ना? फिश सॉसचं सांगितलं होतं.