मदत हवी आहे: चॉकलेट खाल्लेल्या कुत्रीवर रात्रभर नेमके कशावर लक्ष ठेवावे?

नमस्कार,

आमच्या १० किलो वजनाच्या बीगल कुत्रीने आज दुपारी डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅमच्या बारपैकी जवळजवळ अर्धा बार खाल्ला. पशुवैद्यांनी लगेच उलटी करवली, विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा दिला आणि लक्ष ठेवण्यास सांगून घरी पाठवले. बरेचसे चॉकलेट उलटीतून पडले, परंतु सगळे पडले असे त्यांनाही खात्रीने सांगता आले नाही.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन हे कुत्र्यांना विषारी असलेले द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १७ ते १८ तास लागतात. डार्क चॉकलेटमध्ये ते दर ग्रॅमला ५ मिलिग्रॅम धरले, तर तिच्या पोटात किलोमागे २५ मिलिग्रॅम गेले असावे. किलोमागे २० च्या आसपास उलट्या, जुलाब व अस्वस्थता दिसते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० ला झटके येऊ शकतात, असे समजते. हिशेब दिलासा देणारा आहे, पण कोकोचे प्रमाण छापलेला वेष्टनाचा तुकडाच तिने चावून टाकला असल्यामुळे त्यावर विसंबून राहण्याचे धाडस होत नाही.

सध्या ती वारंवार पाणी पिते आणि एका जागी टिकत नाही. ती पडून असताना मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवून आम्ही १५ सेकंद ठोके मोजतो व चारने गुणून लिहून ठेवतो.

लक्षणे बहुधा ६ ते १२ तासांत सुरू होतात, म्हणजे खरी काळजी रात्रीचीच. ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे, त्यांनी कोणते लक्षण दिसताच पुन्हा दवाखाना गाठला? थिओब्रोमिन मूत्राशयातून परत रक्तात शोषले जात असल्याने तिला वरचेवर लघवीला न्यायचे आहे. त्यासाठी झोपेतूनही उठवावे का? कोळशामुळे शी काळी होणारच, मग पोटात रक्तस्राव झाला तर तो कसा ओळखावा? शिवाय चॉकलेटमधील स्निग्धांशाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून हलका आहार किती दिवस द्यावा?

मीठपाणी पाजण्यासारखे उपाय कृपया सुचवू नयेत, कारण रक्तातील सोडियम वाढून तेच जीवावर बेतू शकते. रात्री सुरू असलेल्या दवाखान्याचा क्रमांक हाताशी आहे आणि आम्ही आळीपाळीने जागणार आहोत, त्यामुळे उत्तर कितीही उशिरा आले तरी वाचले जाईल.