मदत हवी आहे: खोक्यांऐवजी परतीचे क्रेट, मालकांना हिशोब कसा पटवू?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात खरेदी बघतो. आमचे मशिनिंग केलेले सुटे भाग चाकणच्या एका मोठ्या कंपनीला जातात. त्यांच्याकडून मध्यंतरी लांबलचक प्रश्नावली आली: पुनर्वापराचा माल किती घेता, पॅकिंग परत येतं का, जळक्या तेलाचं काय करता. सेबीने (शेअर बाजाराचं नियामक मंडळ) बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केलाय, त्यात शाश्वत खरेदीचं प्रमाण विचारतात. तोच प्रश्न घरंगळत आमच्या टेबलावर आला.

मालक म्हणाले, "पर्यावरण ठीक, पण पैसे वाचतात का ते दाखव." रास्त आहे. पण आमच्याकडे तीन कोटेशनं मागवायची आणि एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला, ऑर्डर द्यायची ही पद्धत. खोकं ४० रुपये, प्लॅस्टिकचा क्रेट ४००. तक्त्यात क्रेट पहिल्याच ओळीत बाद! खोकं एकाच खेपेत संपतं, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. पावसाळ्यात खोक्याचा तळ ओला होऊन सुटतो, भागांना ठोके बसतात, ते नुकसान क्वालिटीच्या खात्यात पडतं.

तर क्रेट किती लागतील हे कसं काढायचं? परत आले नाहीत तर? जीएसटीची काही भानगड? आणि क्रेटनंतर कशाला हात घालू?

('झाडे लावा' छाप सल्ले कृपया नकोत.)

गिअरबॉक्स:
दर नगावर नको, दर खेपेवर मांडा. परतीचं भाडं आणि धुलाई मिळून खेपेला ५ रुपये धरले तर खेपेमागे ३५ वाचतात, म्हणजे बाराव्या खेपेला क्रेट फिटला. पुढचा सगळा फायदा. चांगला क्रेट त्याहून कितीतरी जास्त खेपा काढतो. किती घ्यायचे ते मात्र फेरा किती दिवसांचा त्यावर. रोज ५० जातात आणि रिकामा क्रेट सहाव्या दिवशी हाताशी येतो, तर ३०० लागतील, वर तुटफुटीला थोडे. मालकांना झोंबणार ती हीच सुरुवातीची रक्कम, १,२०,००० च्या वर. ती लपवू नका. आणि फेरा चार दिवसांवर आणलात तर २०० त भागतं, म्हणून आधी गाडीवाल्याशी बोला. माल उतरवून रिकामी परत येते ना ती?

जुना स्टोअरकीपर:
क्रेट हरवत नाहीत हो, समोरच्या स्टोअरमध्ये अडकतात. कोणी त्यात नटबोल्ट भरतं, कोणी डबा ठेवतं. प्रत्येक खेपेला आरजीपी (परत येणाऱ्या मालाचा गेटपास) फाडा, क्रेटवर नंबर टाका, रंग वेगळा घ्या. भरलेले द्या आणि तेवढेच रिकामे उचला, हा नियम पहिल्या दिवसापासून. अजून एक, तुमची खोकी रद्दीत विकून तिकडे चार पैसे सुटत असणार. ते बंद झाले की कुरकुर होईल. त्यांच्या खरेदीवाल्याकडून आधी लेखी घ्या.

टॅक्सवाला:
क्रेट विकू नका, मालकी तुमचीच ठेवून डिलिव्हरी चलनावर पाठवा. अनामत घेतली तरी ती मोबदल्यात वळती करेपर्यंत जीएसटी कायद्यात मोबदला धरली जात नाही. क्रेट आला नाही म्हणून अनामत जिरवली तर मात्र कराचा प्रश्न येतो. शब्दरचना तुमच्या सीएंना दाखवून घ्या.

धागाकर्ता:
गाडी रिकामीच येते! दर खेपेचा तक्ता आजच करतो. तेलाचं कोणी सांगेल का? सध्या भंगारवाला नेतो, वर पैसेही देतो.

गिअरबॉक्स:
ते ताबडतोब थांबवा. जळकं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं, अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं, सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणी कोणाला दिला त्याचा कागद. नवीन तेल घेतानाच पुरवठादाराला विचारा, जुनं उचलायला अधिकृत माणूस जोडून देता का? दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये बसलं तर दरावर घासाघीस करायलाही जागा मिळते. कूलंटचं (मशिनिंग करताना गार ठेवायला सोडतात ते द्रव) मात्र आधी गाळून आयुष्य वाढवा, टाकायची वेळच कमी येईल. आणि बॅरल परत घेणाराच पुरवठादार बघा.