यादी जाहीर करा, पण आधार क्रमांक झाका

या चर्चेत वर एका सदस्यांनी म्हटलंय की अतिवृष्टीच्या अनुदानाची लाभार्थी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, म्हणजे कारभार पारदर्शक झाला. अर्धंच पटलं.

माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचाच आहे. त्यासाठी नाव, गाव, गट नंबर, रक्कम पुरे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर आमच्या परभणीकडच्या गावच्या ग्रुपवर जी पीडीएफ आली, तिच्यात आधार आणि बँक खाते क्रमांक सरळ छापलेले! आधार कायदा 2016 चं कलम 29 असं जाहीर करायला मनाई करतं. कार्यालयात कोणी वाचलं असेल का, देव जाणे.

दोष एकट्या कार्यालयाचाही नाही. ती यादी पुढे ढकलणारे आपणच. वरून ‘अमक्याला इतके कसे मिळाले’ ही चर्चा पारावर.

हे क्रमांक उघडे पडणं धोक्याचं. अनुदानाच्या यादीत शेतकऱ्याला मिळालेला ‘विशिष्ट क्रमांक’ घेऊन केवायसीला (ओळख पडताळणीला) सेवा केंद्रात गेलेल्या म्हातारीला तर ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो तेही ठाऊक नसतं. तिथे फोन बहुतेक नातवाचा, नाहीतर केंद्रवाल्याचाच. यादीतल्या आधार आणि खाते क्रमांकांचे शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकायला सॉफ्टवेअरला किती वेळ लागतो? तहसीलला तेवढा एक अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह द्या.