आरएसव्ही लस: प्री-फ्यूजन एफ प्रथिन फ्रिजमध्ये टिकत नाही, डी२५ चा सिग्नल उतरतो

कृष्णाकाठ
डीएस-कॅव्ह१ (आरएसव्ही या श्वसनविषाणूचे, पेशीत शिरण्याआधीच्या म्हणजे प्री-फ्यूजन आकारात स्थिर केलेले एफ प्रथिन) एक्स्पी२९३ या मानवी पेशींत बनवून निकेल आणि साइज-एक्स्क्लूजन कॉलममधून काढले आहे. शिखर एकच येते. ताज्या नमुन्याला डी२५ हे प्रतिपिंड छान चिकटते, पण ४ अंशांवर ठेवले की आठवड्यागणिक तो सिग्नल घटतो. पालिविझुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाचा मात्र जसाच्या तसा. पीबीएस, १ मिग्रॅ/मिली, एलायझाच्या (प्रतिपिंड-बंधन चाचणीच्या) प्लेटला प्रथिन थेट लावलेले. हेच उंदरांना टोचायचे आहे. दोष प्रथिनात की चाचणीत?

शर्वरी_के
पालिविझुमॅबवर विसंबू नका. त्याची जागा (साइट २) प्री-फ्यूजन आणि पोस्ट-फ्यूजन (शिरल्यानंतरच्या) दोन्ही रूपांत असते, त्यामुळे आकार बदलला तरी त्याला फरक पडत नाही. डी२५ ची जागा, साइट शून्य, तीन प्रती जुळून बनणाऱ्या प्रथिनाच्या माथ्यावर फक्त प्री-फ्यूजन रूपात असते आणि सर्वांत जोरदार विषाणूरोधक प्रतिपिंडे तिथेच बसतात. म्हणजे तुमचा घटता सिग्नल हा लशीचा जीवच घटतोय असे धरा.

डीएस-कॅव्ह१ मध्ये १५५ आणि २९० वर सिस्टीन घालून जोडबंध केला आहे, १९० वर फेनिलॅलनिन आणि २०७ वर ल्युसिन घालून आतली पोकळी भरली आहे. एवढे करूनही ४ अंशांवर साइट शून्य हळूहळू जाते, हे प्रसिद्ध झालेले आहे. फ्रिज म्हणजे सुरक्षित, हे इथे चालत नाही. शुद्धीकरण झाल्या दिवशीच छोटे भाग करा, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा, उणे ८० ला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. आधी एकच भाग गोठवून-वितळवून डी२५ तपासा, मग बाकीचे. बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल अजिबात नको, जोडबंध तुटेल.

तुषार_जैव
चाचणीही बदला. पॉलिस्टायरीनवर थेट चिकटवलेले प्रथिन काही प्रमाणात उलगडते, त्यात कोटिंग बफर ९.६ पीएचचा असेल तर आणखीच. प्लेटला अँटी-हिस (प्रथिनाच्या हिस्टिडीन-शेपटीला धरणारे प्रतिपिंड) लावून त्यावर प्रथिन पकडा (त्यासाठी शेपूट थ्रॉम्बिनने कापू नका). डी२५ चे पूर्ण आयजीजी न वापरता फॅब (त्याचा एकच हात) वापरा; दोन हातांनी धरणारे प्रतिपिंड कमकुवत बंधनही झाकून टाकते. आणि नुसता ओडी (रंगाची तीव्रता) न लिहिता डी२५ भागिले मोटाविझुमॅब (पालिविझुमॅबसारखेच साइट २ चे प्रतिपिंड) असे गुणोत्तर लिहा. एकूण प्रथिन कमी झाले की आकार बिघडला, हे त्यातूनच कळते.

कृष्णाकाठ
रिड्यूसिंग जेलवर ५० आणि २० च्या पट्ट्यांबरोबर ७० किलोडाल्टनला फिकी पट्टी दिसते. तिचे काय?

शर्वरी_के
तो न कापलेला एफ० (प्रथिनाचे मूळ अखंड रूप). फ्युरिन या कापणाऱ्या एन्झाइमला दोन ठिकाणी कापून मधला पी२७ तुकडा काढावा लागतो, आणि उत्पादन भरमसाट झाले की पेशीतले फ्युरिन पुरत नाही. ट्रान्सफेक्शनमध्ये फ्युरिनचा प्लाझ्मिड सोबत द्या.

वैद्य_मीना
उंदरांच्या गटांबद्दल आत्ताच ठरवा. १९६६ च्या, फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूच्या आरएसव्ही लशीने काय केले ते विसरता येत नाही: लस घेतलेल्या बाळांपैकी ज्यांना पुढे संसर्ग झाला, त्यांतली ८० टक्के रुग्णालयात गेली, तुलनेच्या गटात ५ टक्के; लस घेतलेल्यांपैकी दोन बाळे दगावली. प्रतिपिंडे तयार झाली होती, पण विषाणू रोखू न शकणारी. बिघडलेला आकार टोचण्याची भीती म्हणूनच आहे.

१० मायक्रोग्रॅम, ० आणि ३ ऱ्या आठवड्यात, रक्त ५ व्या आठवड्यात. फुप्फुसातली विकृती बघणार असाल तर फॉर्मॅलिन-आरएसव्हीचा गट हवाच, शिवाय विषाणूविरहित पेशींवर तीच प्रक्रिया करून टोचलेला मॉक गटही. लस आणि आव्हान-विषाणू (लशीनंतर मुद्दाम दिलेला विषाणू) दोन्ही हेप-२ या मानवी पेशींवर वाढवले, तर प्राणी पेशींच्याच प्रथिनांवर भडकतो आणि त्या इओसिनोफिल्सचे (दाहातल्या पांढऱ्या पेशींचे) खापर लशीवर फुटते. आव्हान-विषाणू वेगळ्या पेशींवर वाढवा, शक्यतो सीरम न घालता.